रोलिंगच्या आधी मॅग्नेशियमची स्लॅब भट्टीत किती वेळ ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एझेड३१ या मॅग्नेशियम मिश्रधातूची १२ मिमी जाड ग्रॅव्हिटी कास्ट (साच्यात नुसती ओतलेली) स्लॅब, रोलिंग ३५० डिग्रीला. हीट ट्रीटमेंट न करता रोल केली तर दुसऱ्याच पासला (रोलमधून एकदा जाणं म्हणजे एक पास) कडा फाटल्या. ४०० ला १२ तास ठेवून केली तर ४ मिमीपर्यंत मस्त गेली. मग अजून चांगलं होईल म्हणून ४५० ला २४ तास ठेवली तर पुन्हा फाटायला लागली, आणि वर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला. तर जास्त हीट ट्रीटमेंट वाईट असते का, आणि नेमका आकडा कोणता धरायचा?

आकडा देतो, पण आकड्यावर सगळं सोडू नका. बहुतेक जण काय करतात, कुठल्यातरी पेपरात ४०० डिग्री १२ तास वाचतात आणि तेच लावतात, आणि त्या पेपरातली स्लॅब कशी ओतली होती, किती जाड होती, मोल्ड स्टीलचा होता की वाळूचा, हे कुणी बघतच नाही. मी भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये वीसेक वर्षं आधी अ‍ॅल्युमिनियम आणि नंतर मॅग्नेशियमच्या ट्रायल्स करत आलोय, आणि माझा अनुभव असा की रोलिंगला बिघडलेल्या दहातल्या सात-आठ स्लॅबा रोलवर बिघडतच नाहीत, त्या भट्टीतूनच बिघडून आलेल्या असतात, रोल फक्त ते उघडं पाडतो.

पहिली गोष्ट डोक्यातून काढा की रोलिंगच्या आधीचं हे हीटिंग माल मऊ करायला असतं. मऊ करायला रोलिंगच्या आधी अर्धा तास प्रीहीट पुरतो. होमोजिनायझिंग, म्हणजे ओतलेला माल बराच वेळ तापवून आतली रचना सारखी करणं, ते कशाला करतो तर ओतताना अ‍ॅल्युमिनियम आणि झिंक जिथे जाऊन बसलेत तिथून त्यांना उठवायला. एझेड३१ मध्ये साधारण ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १ टक्का झिंक आणि थोडं मँगनीज असतं. कागदावरचा फेज डायग्राम बघितला तर ४३७ डिग्रीला मॅग्नेशियममध्ये १२.७ टक्के अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, म्हणजे ३ टक्क्यांचं तर काहीच नाही, सगळं विरघळून राहायला हवं. पण स्लॅब काही डायग्राम वाचून गोठत नाही. डेंड्राइटचा (फांद्या फुटत वाढणाऱ्या स्फटिकाचा) मधला भाग आधी गोठतो, त्यात अ‍ॅल्युमिनियम कमी, जसजसं बाहेर यावं तसं उरलेल्या द्रवात अ‍ॅल्युमिनियम आणि झिंक साठत जातं, आणि शेवटचा जो थेंब उरतो तो ग्रेनच्या (धातूतल्या एकेका स्फटिकाच्या) सीमेवर युटेक्टिक, म्हणजे सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, होऊन गोठतो. तीच ती बीटा फेज, १७ मॅग्नेशियमला १२ अ‍ॅल्युमिनियम. कडक आणि ठिसूळ. आणि बसते नेमकी तिथे जिथे रोलिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण येतो.

आता मॅग्नेशियमची मूळ अडचण. षटकोनी रचना, त्यामुळे खोलीच्या तापमानाला मुख्यतः एकाच पातळीवर, बेसल प्लेनवर, थर सहज सरकतात. शुद्ध मॅग्नेशियममध्ये बेसल स्लिपला, म्हणजे या सरकण्याला, जेमतेम अर्धा-एक एमपीए ताण लागतो आणि बाकीच्या दिशांना त्याच्या कितीतरी पट, चाळीसच्या घरात. सव्वादोनशे डिग्रीच्या वर गेलं की बाकीच्या स्लिप सिस्टिमसुद्धा हलायला लागतात, म्हणून आपण ३००-४०० ला रोल करतो. पण गरम असलं तरी ग्रेनच्या सीमेवर ठिसूळ जाळी असेल तर ग्रेन हलतो, जाळी हलत नाही, आणि कडेला जिथे बाजूने आधार नाही तिथे आधी चीर पडते. बीटा फेजची जाळी तुटतुटून रोलिंगच्या दिशेने तिची रांग होते, त्या रांगेवरून पुढे चीर धावते.

घरी ज्वारीच्या भाकरीचं बघा. जुन्या ज्वारीचं पीठ गार पाण्यात नुसतं कालवून थापायला घेतलं तर कडा फाटणारच, मग कितीही हळू थापा. उकड काढून मळलं की तेच पीठ पातळ थापलं जातं. जे काय करायचं ते थापायच्या आधी, परातीत करायचं असतं. होमोजिनायझिंग म्हणजे साधारण तीच उकड.

वेळ कशी काढायची ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही आणि गणित अगदी सोपं आहे. अ‍ॅल्युमिनियमला डेंड्राइटच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतच्या अंतरात पसरायचं असतं. लागणारा वेळ त्या अंतराच्या वर्गावर जातो. म्हणजे हातांमधलं अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट. ४०० डिग्रीला मॅग्नेशियममधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डिफ्युजनचे नेहमीचे आकडे टाकले तर ५० मायक्रॉनच्या अंतराला चढ-उतार जवळपास पुसायला आठ-नऊ तास लागतात, आणि २५ मायक्रॉनला दोन तासांच्या आसपास. यात आधी सीमेवरची बीटा विरघळायला लागणारा वेळ धरलेला नाही, तो थोडा वर धरा. म्हणून तुमचे १२ तास बरोबर बसले. तुमची १२ मिमीची स्लॅब धातूच्या मोल्डमध्ये ओतली असणार, अंतर ३०-५० मायक्रॉनच्या घरात असेल. उद्या हीच स्लॅब कुणी वाळूत ५० मिमी जाड ओतली तर १२ तास पुरणार नाहीत, आणि तो माणूस येऊन म्हणेल पेपर खोटा आहे.

तापमानाचं म्हणाल तर ४०० वरून ४२५ केलं की डिफ्युजन दुपटीहून जास्त, ४५० ला जवळपास सहा पट. तुम्ही वर तास पण दुप्पट केले. म्हणजे ४५० ला २४ तास हे डिफ्युजनच्या हिशोबाने ४०० च्या १२ तासांच्या दहा-बारा पट झालं. एवढ्याची गरजच नव्हती. काम पहिल्या दोन-तीन तासांत उरकलं होतं, पुढचे वीस तास भट्टी फक्त ग्रेन फुगवत बसली. एझेड३१ मध्ये एकदा बीटा विरघळली की ग्रेनला धरून ठेवायला उरतं काय, तर मँगनीज-अ‍ॅल्युमिनियमचे कण. ते या तापमानाला विरघळत नाहीत हे खरं पण ते मोठे आणि विरळ असतात, सीमेला ब्रेक लावायला कमी पडतात.

ग्रेन मोठे झाले तर बिघडतं काय? अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना हे पटत नाही कारण त्यांच्याकडे ग्रेन साइजचा एवढा परिणाम दिसत नाही. मॅग्नेशियममध्ये दिसतो, हॉल-पेचचा उतार, म्हणजे ग्रेन बारीक झाल्यावर ताकद किती वाढते तो हिशोब, अ‍ॅल्युमिनियमपेक्षा खूप तीव्र आहे. मोठ्या ग्रेनमध्ये स्लिपपेक्षा ट्विनिंग (ग्रेनमधला एक पट्टा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा वळणं) आधी सुरू होतं, ट्विन लांबच लांब जातात, सीमेवर जाऊन आपटतात, तिथे ताण साठतो. मग साधारण ४५ अंशात शिअर बँड (जिथे सगळी सरक एकवटते असे अरुंद पट्टे) पडतात आणि त्यावरून चीर. शिवाय डायनॅमिक रिक्रिस्टलायझेशन, म्हणजे रोलिंग चालू असतानाच नवे बारीक ग्रेन तयार होणं, ते जुन्या ग्रेनच्या सीमांवरून आणि ट्विनमधून सुरू होतं. सीमा कमी तर सुरुवातीच्या जागा कमी, मग कुठे बारीक ग्रेनचा पट्टा आणि मध्ये जुना अजस्र ग्रेन तसाच, अशी खिचडी. तुम्हाला दिसलेली संत्र्याची साल ती हीच, प्रत्येक मोठा ग्रेन आपापल्या दिशेने वर-खाली होतो आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतं.

पण थांबा, दुसरी एक शक्यता आहे आणि ती तपासल्याशिवाय ग्रेनवर खापर फोडू नका. तुम्ही स्लॅब थेट ४५० च्या भट्टीत टाकलीत का? कारण ते सीमेवरचं युटेक्टिक ४३७ ला वितळतं, आणि झिंक सोबत असेल तर त्याहूनही खाली. हळू तापवलं तर वाटेतच ते विरघळून जातं आणि ४५० ला वितळायला काही उरत नाही. झटकन तापवलं तर ते विरघळायच्या आधी वितळतं, थंड होताना आकसतं आणि सीमेवर, विशेषतः तीन ग्रेन मिळतात त्या कोपऱ्यात, बारीक पोकळ्या राहतात. त्या पुन्हा कितीही तापवलंत तरी भरत नाहीत. दोन्हीमध्ये फरक कसा ओळखायचा तर मायक्रोस्कोपखाली. कोपऱ्यात गोलसर काळे खड्डे किंवा पुन्हा गोठलेल्या युटेक्टिकची नक्षी दिसली तर वितळलंय. नुसते मोठे स्वच्छ ग्रेन दिसले तर वेळ जास्त झालाय.

सॅम्पल बनवताना एक गोष्ट, शेवटच्या पॉलिशला पाणी वापरू नका, अल्कोहोल वापरा, नाहीतर पृष्ठभागावर डाग पडतात आणि तुम्ही डागालाच फेज समजून रिपोर्टात लिहाल (आमच्याकडे एका ट्रेनीने लिहिलं होतं, दोन पानं). एच करायला (अ‍ॅसिडने पृष्ठभाग किंचित खाऊन रचना उघडी पाडायला) अ‍ॅसिटिक-पिक्रल, म्हणजे पिक्रिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, थोडं पाणी आणि बाकी इथेनॉल. पाच-सात सेकंद बुडवा, रंग तपकिरी झाला की लगेच अल्कोहोलने धुवा. पिक्रिक अ‍ॅसिडची बाटली कधी कोरडी पडू देऊ नका, कोरडं पिक्रिक स्फोटक असतं, झाकणाच्या आट्यांत साका जमलेली जुनी बाटली दिसली तर पिळून उघडायच्या भानगडीत पडू नका. ओतलेल्या सॅम्पलमध्ये तुम्हाला फुलासारखी पाकळ्या पाकळ्यांची नक्षी दिसेल, मधे फिकट, कडेला गडद, आणि पाकळ्यांच्या फटीत चकचकीत तुकडे, ती बीटा. होमोजिनायझिंग नीट झालं असेल तर पाकळ्या गायब होतात, ग्रेनच्या सीमा बारीक रेषेसारख्या उरतात आणि आत फक्त तुरळक करडे ठिपके, ते मँगनीजवाले, ते जाणार नाहीत त्यांच्या मागे लागू नका. पाकळ्यांची सावली जरी दिसत असली तरी अजून वेळ द्यायचा आहे.

डीएससीची (सॅम्पल तापवताना ते किती उष्णता शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर अजून बरं. ओतलेल्या सॅम्पलला युटेक्टिकचा छोटा पीक येतो, ट्रीटमेंट झाल्यावर तो नाहीसा व्हायला हवा. आणि एक गरिबाचा उपाय पण आहे, अ‍ॅल्युमिनियमवाल्यांकडे एडी करंटचं कंडक्टिव्हिटी मीटर असतं. बीटा विरघळून अ‍ॅल्युमिनियम मॅट्रिक्समध्ये (ग्रेनच्या मूळ मॅग्नेशियममध्ये) गेलं की कंडक्टिव्हिटी घटते. दर दोन तासांनी एक तुकडा काढून मोजत जा, आकडा उतरायचा थांबला की समजा काम झालं. हार्डनेसवर मात्र विसंबू नका, एझेड३१ मध्ये तो एवढा हलतच नाही की त्यावरून काही ठरवता येईल.

एझेड९१ चं वेगळं आहे आणि तिथेच मी स्वतः हात पोळून घेतलाय, शब्दशः नाही पण जवळपास. त्यात ९ टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे बीटा भरपूर, जाळी एकदम जाड. बाहेरच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे सहा स्लॅबा दिल्या, सांगितलं होतं २६० ला भट्टीत घाला, मग दोन तासांत हळूहळू ४१५ च्या आसपास न्या, तिथे २० तास. त्यांनी काय केलं, आधीच्या पार्टीचा माल निघाला होता आणि भट्टी गरमच होती, तर थेट ४२० मध्ये टाकल्या, वीज वाचली म्हणे. स्लॅबा परत आल्या तेव्हा पृष्ठभागावर बारीक बारीक मणी, उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम असतो ना तसे. युटेक्टिक पाझरून बाहेर आलेलं. मी तरी हट्टाने एक रोल केली, म्हटलं मशीन करून वरचा थर काढू, आतून ठीक असेल. पहिल्याच पासला, जाडीत फक्त १० टक्के घट, ती मधोमध उभी चिरली आणि आवाज असा आला जसं कुणी पापड मोडला. सहाच्या सहा भंगारात. तेव्हापासून मी ट्रीटमेंटला माल देताना ग्राफ मागतो, आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीला नाही तर स्लॅबला लावलेलं आहे की नाही ते जाऊन बघतो. भट्टीचा डिस्प्ले ४१५ दाखवतो तेव्हा हीटरच्या समोरची स्लॅब ४३० ला असू शकते, आणि मॅग्नेशियममध्ये ते १५ डिग्री म्हणजे पास आणि भंगार यातला फरक.

झिंक जास्त असलेल्या झेडके६० ला तर अजून सांभाळून. मॅग्नेशियम-झिंकचं युटेक्टिक ३४० च्या आसपासच वितळतं. तिथे दोन टप्पे करायचे, आधी ३२०-३३० ला ठेवून झिंकवाला भाग विरघळवून घ्यायचा आणि मग वर चढायचं. थेट ४०० ला टाकलात तर एझेड९१ ची गोष्ट पुन्हा.

ट्रीटमेंटनंतर थंड कसं करायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. एझेड३१ हवेत थंड केलं तरी चालतं, ३ टक्क्यांत बाहेर पडायला फारसं काही नसतं. एझेड९१ भट्टीतच हळू थंड केलंत तर सीमेवरून थरांथरांची जाड बीटा परत उगवते आणि सगळी मेहनत पाण्यात, त्याला पंख्याखाली झटकन थंड करा.

आता यातला सगळ्यात मजेशीर भाग, जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रोलिंगच्या आधीचं प्रीहीट आणि दोन पासमधलं रीहीट हेसुद्धा हीट ट्रीटमेंटच आहे. एझेड९१ मध्ये एक उपाय करतात, विरघळवून घेतलेली स्लॅब मुद्दाम २०० च्या आसपास काही तास ठेवून एज करायची, बारीक बीटाचे कण आतमध्ये पसरवायचे आणि मग रोल करायचं. सीमेवरची जाड जाळी वाईट, पण आत पसरलेले बारीक कण फायद्याचे, कारण त्यांच्याभोवती नवे ग्रेन सुरू होतात आणि तेच कण त्या ग्रेनना वाढू देत नाहीत. ग्रेन बारीक मिळतात, स्ट्रेंग्थ वाढते. तीच फेज, जागा आणि आकार बदलला की शत्रूची मित्र होते. पण मग लोक काय करतात, एवढं एजिंग करून रोलिंगला स्लॅब ४०० ला अर्धा तास प्रीहीट करतात! ९ टक्के अ‍ॅल्युमिनियमची विरघळण्याची रेषा ३७० च्या आसपास आहे. म्हणजे रात्रभर तयार केलेले कण अर्ध्या तासात विरघळून गेले, आणि पेपरात निष्कर्ष काय तर प्री-एजिंगचा परिणाम नगण्य. अरे बाबा, परिणाम होता, तुम्हीच पुसलात. एजिंग केलं असेल तर ३०० च्या आसपासच रोल करा आणि रीहीट थोडक्यात आटपा. उलट एजिंग न करता ३०० ला रोल करत असाल तरी पासागणिक कण बाहेर पडत राहतात, नवव्या-दहाव्या पासला स्लॅब एकदम हट्टी का झाली असं वाटतं त्याचं कारण बऱ्याचदा तेच.

रीहीट टाळताही येत नाही. मॅग्नेशियम घनफळाच्या मानाने उष्णता फार कमी धरतं, पोलादाच्या साधारण निम्मी, अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही कमी. गार रोलला ३ मिमीची पट्टी लागली की बाहेर येईपर्यंत ती रोलिंगच्या लायकीची राहत नाही. रोल १०० ते १५० पर्यंत तापवा, भट्टी रोलच्या अगदी शेजारी ठेवा, चिमट्याने काढून तोंडात द्यायला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नको. आमच्याकडे एकदा भट्टी आणि मिलच्या मध्ये टेबल आडवं होतं, ते हलवलं आणि कडा फाटणं निम्म्यावर आलं. अ‍ॅलॉय तोच, ट्रीटमेंट तीच.

प्रॉपर्टीजमध्ये नक्की काय बदलतं हे विचारलंत तर खरं सांगतो, होमोजिनायझिंग केलं म्हणून टेन्साइल स्ट्रेंग्थ उडी मारत नाही. एझेड३१ची अ‍ॅनील केलेली शीट साधारण २५० एमपीएच्या आसपास तुटते, यील्ड (ज्या ताणाला कायमचा वाक येतो तो) दीडशेच्या घरात, इलाँगेशन (तुटेपर्यंत लांबी किती वाढते ते) २० टक्क्यांच्या जवळ. थोडं कोल्ड वर्क ठेवलेली एच२४ टेम्परची २९० ला, यील्ड २२०, इलाँगेशन १५ च्या आसपास. होमोजिनायझिंग न केलेल्या स्लॅबची शीट समजा कशीबशी फाटल्याशिवाय निघालीच, तर तिची स्ट्रेंग्थ जवळपास तेवढीच येते. मार खातं ते इलाँगेशन, आणि त्याहून जास्त मार खातो तो सारखेपणा. एकाच शीटमधून पाच सॅम्पल काढली तर एक १९ टक्के देतं आणि दुसरं ८, कारण दुसऱ्यात बीटाच्या तुकड्यांची रांग गेजमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या ताणल्या जाणाऱ्या मधल्या भागात, आली. आडव्या दिशेला काढलेल्या सॅम्पलमध्ये हे अजून दिसतं. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त सरासरी लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, सगळी पाच वाचनं दाखवा.

गंजण्याबद्दल थोडंच. अ‍ॅल्युमिनियम सारखं पसरलं की जागोजागचे बॅटरीसारखे छोटे सेल कमी होतात, ते चांगलंच. पण लोखंड, निकेल मर्यादेबाहेर असेल तर कुठलीच हीट ट्रीटमेंट वाचवू शकत नाही, एझेड३१बी मध्ये लोखंड ०.००५ टक्क्यांच्या आत लागतं. रोलिंगमध्ये स्टीलच्या रोलचा अंश पृष्ठभागात जातो, शेवटी पिकलिंग करून (अ‍ॅसिडमध्ये बुडवून) तो काढावाच लागतो.

एक गैरसमज मात्र स्पष्ट करतो, होमोजिनायझिंगने टेक्स्चर, म्हणजे सगळे ग्रेन एकाच दिशेला तोंड करून लागणं, सुटत नाही. एझेड३१ रोल केलं की षटकोनाचा उभा अक्ष शीटला काटकोनात उभा राहतो, म्हणजे सगळे बेसल प्लेन शीटला समांतर. त्यामुळे शीट ओढली तर बऱ्यापैकी चालते पण खोलीच्या तापमानाला डीप ड्रॉइंग किंवा घुमट काढायला गेलात तर तडकते. एरिक्सन टेस्टला (गोळा दाबून शीट फुटेपर्यंत किती खोल जाते ते बघतात) साधी एझेड३१ शीट ३-४ मिमीवर फुटते, गाड्यांमधल्या ६००० सीरिज अ‍ॅल्युमिनियमला ८-९ मिळतात. जपानच्या एआयएसटी संस्थेतल्या लोकांनी दाखवलंय की रोलिंग खूप वरच्या तापमानाला, ५२५ डिग्रीच्या आसपास केलं तर हे टेक्स्चर बरंच सैल पडतं आणि एरिक्सन दुपटीवर जातो. पण ५२५ म्हणजे एझेड३१ वितळायला लागतं त्या ५६६ च्या अगदी जवळ, तिथे आधी होमोजिनायझिंग झालेलं नसेल तर सीमेवरचं उरलंसुरलं युटेक्टिक वितळणारच. म्हणजे टेक्स्चर होमोजिनायझिंगने सुटलं नाही तरी ज्या उपायाने सुटतं त्याचं दार तेच उघडतं. गॅडोलिनियम, सिरियम, कॅल्शियम वगैरे किंचित टाकून टेक्स्चर सैल करायचा रस्ता वेगळा आहे, तो इथे काढत नाही.

ट्विन रोल कास्टिंगवाल्यांना हे सगळं थोडं सोपं पडतं. द्रव थेट दोन गार रोलमध्ये ओतून चार-सहा मिमीची पट्टीच काढायची, जर्मनीत फ्रायबर्गच्या विद्यापीठात आणि कोरियात पोस्कोने हे केलंय, २०१५ च्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसचं छत पोस्कोच्याच मॅग्नेशियम शीटचं आहे. पट्टी झटकन गोठल्यामुळे डेंड्राइटचे हात बारीक, म्हणजे वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमाने तासही कमी. फक्त मधोमध सेग्रिगेशनची (मिसळलेले धातू साठून राहिल्याची) एक रेषा राहते, ती चिवट असते. आणि मॅग्नेशियम शीट म्हणजे काहीतरी विमानातलीच गोष्ट असं समजू नका, लग्नपत्रिकेवर सोनेरी फॉइल मारायचा ब्लॉक असतो ना, तो बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या रोल केलेल्या प्लेटवरच एच केलेला असतो, आणि त्याला ग्रेन बारीक आणि सारखे लागतात नाहीतर गणपतीच्या सोंडेची कड दातेरी येते.

आता सुरक्षेचं, आणि हे वाचून सोडून देऊ नका. अ‍ॅल्युमिनियमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये नायट्रेटचा सॉल्ट बाथ असतो, त्यात मॅग्नेशियम कधीच, म्हणजे कधीच टाकायचं नाही, स्फोट होतो. तुमचा माल बाहेर देत असाल तर हे चलनावर लाल अक्षरात लिहा. स्लॅब अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ४५० ला ठेवायची युक्ती कुणीतरी सांगतं, ती करू नका, दोघांचं युटेक्टिक ४३७ लाच होतं, फॉइल वितळून स्लॅबला खाते. जीआय तारेने बांधून भट्टीत लटकवणं तर त्याहून वाईट, तारेवरचं झिंक ३४० लाच गडबड सुरू करतं. स्टेनलेसची तार किंवा फॉइल वापरा. भट्टीत आर्गॉन सोडा, नाही जमलं तर ट्रेमध्ये थोडे पायराइटचे खडे ठेवतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि पृष्ठभाग वाचतो, पण एक्झॉस्ट हवा, नाहीतर शेजारचे गाळेवाले भांडायला येतील आणि ते बरोबर असेल. आग लागलीच तर पाणी नाही, पाण्याने हायड्रोजन सुटतो. डी क्लासचं एक्स्टिंग्विशर किंवा सुकी बिडाची चुरी भट्टीशेजारी आधीपासून ठेवलेली हवी, शोधायला जायची वेळ नको. स्लॅबचा वरचा अर्धा-एक मिमी मिल करून काढाल तेव्हा ती चिप्स झाकणाच्या ड्रममध्ये कोरडी ठेवा, लोखंडाच्या किसात मिसळू नका.

तर तुमच्यासाठी. पुढची स्लॅब ओतलीत की कोपऱ्यातून एक तुकडा कापून हातांमधलं अंतर मोजा, दहा ठिकाणी मोजून सरासरी घ्या. ४० मायक्रॉनच्या आसपास आलं तर २५० ला भट्टीत घाला, दोन तासांत ४१० पर्यंत न्या, तिथे ८ ते १० तास, हवेत थंड, वरचा थर काढा, मग ३५० ला २० मिनिटं प्रीहीट करून पहिले दोन पास १० टक्क्यांचे आणि पुढे १५-२० टक्क्यांचे. ४५० वाल्या उरलेल्या स्लॅबा फेकू नका. मायक्रोस्कोपखाली पोकळ्या नसतील, फक्त ग्रेन मोठे असतील, तर त्या वाचतात. पहिले तीन-चार पास ४०० च्या वर आणि हलके घ्या, दर पासनंतर सात-आठ मिनिटं भट्टीत परत, म्हणजे जुन्या ग्रेनच्या जागी नवे तयार होतील, आणि ८ मिमीला आल्यावर एक तुकडा कापून बघा, ग्रेन २०-३० मायक्रॉनवर आलेले दिसले की मग ३५० ला उतरा. पोकळ्या दिसल्या तर मात्र वितळवून परत ओता, दुसरा उपाय नाही. फोटो काढाल तेव्हा स्केल बार टाका.